वेळापत्रकात न बसणारी गाडी

शाळेच्या वेळापत्रकात गणित, भाषा, इतिहास यांना चौकट असते. मधल्या सुट्टीत एखादी मुलगी शंका विचारायला येते, त्या पाच मिनिटांना चौकट नसते. म्हणून तेव्हा शिकवणे झालेच नाही, असे आपण म्हणत नाही. संगणक मात्र तसेच म्हणतो. तक्त्यात जे नाही, ते त्याच्या लेखी नाहीच. सार्वजनिक वाहतुकीची माहिती लिहिण्याची जी प्रमाण पद्धत आज जगभर रूढ आहे, ती आम्ही या नजरेने तपासणार आहोत.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या बससेवेत काम करणाऱ्या बिबियाना मॅकह्यू यांना प्रश्न पडला : मोटारीचा रस्ता संगणक चटकन सांगतो, मग बसचा का नाही? २००५ साली ती बससेवा आणि गूगल यांनी मिळून उत्तर काढले. 'जीटीएफएस' नावाची ही पद्धत साधी आहे. थांबे, मार्ग, फेऱ्या आणि वेळा यांचे वेगवेगळे तक्ते करायचे. एका ओळीत एवढेच लिहायचे : कोणती फेरी, कोणता थांबा, किती वाजता. लहानशा गावाची बससेवाही हे करू शकते. पद्धत पसरली ती या साधेपणामुळे, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

पण या साधेपणात एक गृहीतक दडले होते. गाडीला थांबा असतो आणि थांब्याला वेळ असते! व्हरमाँट या डोंगराळ, विरळ वस्तीच्या राज्यात काही गाड्या बोलावल्यावर येतात, मार्ग सोडून आत वळतात. स्वतः मोटार न चालवणाऱ्या वृद्धाला दवाखाना गाठायचा तर हाच आधार. तक्त्यात मात्र अशा गाडीला जागा नव्हती. राज्याने २०१८ मध्ये पद्धतीत भर घालून या गाड्या दाखवणारी शोधसेवा सुरू केली. 'फ्लेक्स' नावाची ही भर मूळ प्रमाणात अधिकृतपणे आली ती २०२४ साली.

फ्लेक्समध्ये थांब्याऐवजी नकाशावरचे क्षेत्र देता येते, ठरावीक मिनिटाऐवजी 'सकाळी नऊ ते दुपारी चार' असा अवधी देता येतो, आणि किती आधी, कोणत्या क्रमांकावर कळवायचे तेही. सुधारणा मोलाची आहे. पण ही माहिती गाडी असल्याचे सांगते. आज तीत जागा आहे का, हे सांगत नाही, आणि ती जागा राखूनही देत नाही. ते काम वेगळे. स्वीडन-डेन्मार्ककडे त्यासाठी 'सुटी' नावाचे दुसरे प्रमाण आहे. (नाव सुटी असले तरी काम चोख!) मागणी नोंदवणारे केंद्र आणि निरनिराळ्या मालकांच्या टॅक्सी त्या एकाच भाषेत निरोप देतात-घेतात.

आमचा खरा आक्षेप मात्र धोरणावर आहे. केंद्रीय अनुदान घेणाऱ्या बससेवांना अमेरिकेने २०२३ पासून जीटीएफएस सक्तीचे केले, पण ठरलेल्या मार्गांपुरतेच. बोलावल्यावर येणारी गाडी पुन्हा बाहेर राहिली. अशी सक्ती अशक्य आहे असेही नाही. फिनलंडच्या २०१८ च्या कायद्याने टॅक्सीसह सर्वच प्रवासी वाहतुकीला आपली मूलभूत माहिती खुली करायला लावली. लहान सेवांना हे काम जड जाईल, ही अडचण खरी आहे. पण मग अनुदानातच त्या कामाचा खर्च धरावा. कारण सक्ती जिथे थांबते तिथेच नकाशा कोरा पडतो, आणि कोऱ्या जागी राहणाऱ्याकडेच बहुधा मोटार नसते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. आपल्या गावातून तालुक्याला जाणाऱ्या सगळ्या वाहनांचा तक्ता मुलांना करायला सांगा : एसटी, रिक्षा, वडाप, कुणाची जीप. एसटीची ओळ लगेच भरेल. वडापच्या ओळीत 'वेळ' या रकान्यात काय लिहायचे, यावर वाद होईल. तो होऊ द्या. प्रमाण ठरवणे म्हणजे कुणाला मोजायचे हे ठरवणे, हे मुलांना तिथेच कळेल.