220 जणांच्या यादीत आमचे काका का नाहीत?

"दादा, तू कॅन्सरवरच पीएचडी करून राहिला नं? मग सांग, बाबांना शेक द्यायचा का नाही?"

भिवापूरहून आलेला फोन. आमच्या गल्लीतले काका, अन्ननलिकेचा कॅन्सर, पुढच्या टप्प्याचा. आयुष्यभर खर्रा. आधी भाकर अडकायची, मग भातही, आणि आता पाणी प्यायलं की ठसका. मी डॉक्टर नाही, बायोस्टॅटिस्टिक्सवाला आहे, हे त्याला सांगितलं. तरी त्या रात्री पेपर उघडून बसलो. यावेळी तोच तुमच्यासमोर ठेवतो, कारण चांगला पेपर चुकीच्या रुग्णावर कसा लावला जातो हे यात स्वच्छ दिसतं.

पेपर मायकेल पेनिमेंट आणि सहकाऱ्यांचा, 2018 साली लॅन्सेट गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी अँड हेपॅटॉलॉजीमध्ये छापलेला. ट्रायलचं नाव टीआरओजी 03.01. प्रश्न साधा: कॅन्सर बरा होणार नाही हे ठरलेलं आहे, पण गिळता येत नाही, अशा रुग्णाला नुसतं रेडिएशन द्यावं, की सोबत सिस्प्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू ही केमोही द्यावी? 220 रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. गिळण्यात आराम पडला तो केमोच्या गटात 111 पैकी 50 जणांना, नुसत्या रेडिएशनच्या गटात 109 पैकी 38 जणांना. 45 टक्के विरुद्ध 35 टक्के, पी-व्हॅल्यू 0.13.

इथे बहुतेक विद्यार्थी वहीत लिहितात: "फरक नाही." थांबा. कागद घ्या आणि दहा टक्क्यांच्या त्या फरकाचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल स्वतः काढा. साधारण उणे 3 ते अधिक 23 येईल. म्हणजे केमोने किंचित नुकसान होत असेल किंवा दर चार-पाच रुग्णांमागे एकाला जास्तीचा आराम मिळत असेल, हा डेटा दोन्हीला जागा देतो. याला "फरक नाही" म्हणत नाहीत, "ठरलं नाही" म्हणतात. उलट गंभीर त्रास 36 टक्के विरुद्ध 16 टक्के, आणि या फरकाचा इंटरव्हल शून्याच्या बराच वर राहतो. आयुष्य? मध्यक 6.9 महिने आणि 6.7 महिने. फायदा अनिश्चित, त्रास नक्की. म्हणून लेखक थोडक्यात दिलेल्या नुसत्या रेडिएशनच्या बाजूने झुकतात, आणि मला ते पटतं. माझं भांडण निष्कर्षाशी नाहीच. तो कोणासाठी आहे, याच्याशी आहे.

आधी मोजमाप बघा. आराम म्हणजे मेलो स्कोअर निदान एका पायरीने सुधारणं: शून्य म्हणजे सगळं गिळता येतं, चार म्हणजे थुंकीही उतरत नाही. पाण्यावरून पातळ खिचडीवर आलात तर एक पायरी. माप छान आहे, घरच्यांनाही कळतं. पण ही सुधारणा नवव्या आठवड्यात दिसायला हवी आणि आणखी चार आठवडे टिकायला हवी, तरच ती मोजायची. म्हणजे तेरा आठवडे, आणि मध्यक आयुष्य आहे जेमतेम एकोणतीस आठवड्यांचं! ज्याला तिसऱ्या आठवड्यात घास उतरू लागला, सहा आठवडे नातवंडांसोबत जेवला आणि मग गेला, तो या हिशोबात यशस्वी नाही. छेदात मात्र तो आहेच. कडक निकष शास्त्राला बरा. पण 35 टक्के हा आकडा घरच्यांना सांगताना निकषही सांगावा लागतो.

मग डोस. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 35 ग्रे 15 बैठकांत, कॅनडा-ब्रिटनमध्ये 30 ग्रे 10 बैठकांत. ही वाटणी देशाप्रमाणे झाली, चिठ्ठीने नाही. त्यामुळे दहा बरं की पंधरा, हे या पेपरातून निघत नाही. आणि आमच्याकडे खरा प्रश्न तोच असतो. भिवापूरहून उमरेडमार्गे नागपूर, जाऊन-येऊन सव्वाशेच्या वर किलोमीटर. पंधरा फेऱ्या म्हणजे दोन हजार किलोमीटर, पाणीसुद्धा न उतरणाऱ्या माणसाला घेऊन. पाच बैठकांनी वाचणारा मुलाचा रोज कुठल्याच टेबलात येत नाही.

आता यादीकडे या. भरती जुलै 2003 ते मार्च 2012, रुग्णालयं 22. भागाकार करा: दर रुग्णालयाला वर्षाकाठी साधारण एक रुग्ण! एवढ्या मोठ्या केंद्रांत असे रुग्ण वर्षाला एकच येत असतील? मग बाकीचे कुठे गेले? उत्तर प्रवेशाच्या अटींत आहे. केमो झेपेल इतकी तब्येत हवी. स्टेंट बसवलेला नको. आणि श्वासनलिका-अन्ननलिका यांच्यात भोक, म्हणजे फिस्टुला, नको.

काकांचा पाणी पिताना येणारा ठसका आठवतोय? डॉक्टरांना संशय फिस्टुलाचाच होता. म्हणजे काका या 220 जणांत बसूच शकले नसते. 35 टक्के, 6.7 महिने, 16 टक्के त्रास, यातला एकही आकडा त्यांचा नाही.

स्टेंटवाल्यांसाठी निदान रॉक्स ट्रायल आहे (ब्रिटन, 2021, योगायोगाने तिथेही 220). स्टेंटनंतर रेडिएशन दिलं तर गिळणं जास्त टिकतं का? बिघाड 49 टक्के विरुद्ध 45 टक्के, म्हणजे नाही. रक्तस्राव मात्र लांबला. पण मुख्य निकालाचा छेद बघा: 74 आणि 75. 220 पैकी 149 जणांवरच मुख्य निष्कर्ष उभा आहे. या आजारात माणसं फॉर्म भरायला उरत नाहीत.

आणि फिस्टुलावाल्यांसाठी? चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी ट्रायल नाही. छोट्या मालिका आहेत. जुनी शिकवण अशी की फिस्टुला असेल तर रेडिएशन नको: गाठच तिथे भिंत झालेली असते, ती विरघळली तर भोक वाढेल. तर्क बरोबर वाटतो. पण कॅन्सर स्वतःही भोक पाडतो आणि वाढवतो. रेडिएशननंतर फिस्टुला झाला म्हणजे रेडिएशनमुळे झाला का? तुलनेचा गट नसताना हे सांगता येत नाही. 1999 मध्ये जपानी डॉक्टरांनी फिस्टुला असलेल्या 24 रुग्णांना केमो-रेडिएशन दिलं, आणि बहुतेकांची भोकं बंद झाली. म्हणून उलट टोकाला उडी मारू नका. जो माणूस फिस्टुला असून आठवडेच्या आठवडे उपचार घेण्याइतका तगडा आहे, तोच अशा मालिकेत शिरतो. छातीत संसर्ग होऊन आधीच गेलेला कुठे मोजला जातो? पूर्ण बंदी आणि "बंद होतं की" ही दोन्ही मतं एकाच कच्च्या पायावर आहेत.

तुमच्यापैकी कोणी विदर्भात कम्युनिटी मेडिसिन किंवा ऑन्कोलॉजीत प्रबंधाचा विषय शोधत असेल, तर ट्रायल शक्य नसली तरी एक काम शक्य आहे: वर्षभर दारात आलेल्या प्रत्येक अन्ननलिकेच्या रुग्णाची नोंद. किती जण टीआरओजीच्या अटींत बसले असते, किती फिस्टुलामुळे बाहेर, किती पाचव्या फेरीनंतर आलेच नाहीत. शेवटच्या रकान्यासाठी फोन करावे लागतील, फाइलीत ते सापडत नाही.

मुलाला मी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं: शेकाचं नंतर, आधी डॉक्टरांना विचार की भोक नक्की आहे का, आणि असेल तर आवरण असलेला स्टेंट बसेल का. तपासणीत भोक निघालं. स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन: "चहा पिले बाबा. ठसका नाही आला." शेक द्यायचा की नाही, यावर डॉक्टरांची अजून चर्चा सुरू आहे.