बेने इस्राएलांचे मराठी वाङ्मय : स्थलांतर आणि भाषेचे स्थान

मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व वर्ध्याच्या विचारपरंपरेत जवळजवळ स्वयंसिद्ध मानले गेले आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेने ते नि:संदिग्धपणे मांडले आणि पुढे नई तालीमच्या विवेचनात त्याला मध्यवर्ती स्थान मिळाले. परंतु एखादा समाज देश सोडून दुसरीकडे वसतो आणि ज्या नव्या देशात जातो तेथील भाषाही त्याला धर्माने ‘आपली’च असते, तेव्हा मातृभाषा कोणती म्हणावयाची? कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या मराठी वाङ्मयाचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

या समाजाची परंपरागत कथा अलिबागनजीकच्या नवगाव किनाऱ्यावर सुरू होते. फुटलेल्या गलबतातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाजाचा विस्तार झाला, असे ही कथा सांगते. कथेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, या लोकांनी शतकानुशतके तेलाचे घाणे चालविले, शनिवारी काम बंद ठेवले म्हणून ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, आणि दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे कोकणच्या गावांवरून पडली, हे निर्विवाद आहे. १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. तेथील प्रार्थना हिब्रू होती, परंतु प्रार्थनेला येणाऱ्यांचे घर मराठीत बोलत होते.

हिब्रू प्रार्थनेची भाषा आणि मराठी तिचा अर्थ सांगणारी भाषा, ही श्रमविभागणी या समाजाच्या वाङ्मयाचा पाया होय. वल्हांडण सणाला वाचावयाच्या ‘हग्गादा’ची मराठी अनुवादासह आवृत्ती मुंबईत १८४६ मध्ये निघाली, १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या आवृत्तीतील चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या दिसतात. मूळ ग्रंथ इजिप्तमधून सुटकेचा. त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या बायका मात्र कोकणातल्या. या एका पानावर समाजाची दोन्ही स्थाने एकत्र आली आहेत.

या श्रमविभागणीचे सर्वांत परिणत रूप म्हणजे बेने इस्राएलांचे कीर्तन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हरिकीर्तनाचा प्रभाव महाराष्ट्रात सर्वत्र असताना, या समाजातील मंडळींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी व पदे यांत रचून सादर करण्यास प्रारंभ केला. येथे केवळ अनुकरण झाले असे मानणे अपुरे आहे. हरिकीर्तनात श्रोत्याला आख्यान आधीच ठाऊक असते. कीर्तनकार त्याला ओळखीच्या कथेचा नवा रस देतो. बेने इस्राएल श्रोत्याला योसेफाची कथा नावाने आपली असली, तरी हिब्रूच्या अपरिचयामुळे ती बरीचशी दूर होती. म्हणून या कीर्तनकाराला दुहेरी काम करावे लागले. ज्या वारशावर श्रोत्याचा हक्क होता तो त्याच्या हाती द्यावयाचा, आणि तो ज्या छंदावर डोलत होता त्याच छंदात द्यावयाचा. कीर्तनाचा ठेका मराठी असल्यामुळेच कथा ‘आपली’ होऊ शकली.

१९४८ नंतर समाजाचा फार मोठा भाग इस्राएलमध्ये गेला. अश्दोद, लोद, रमला, बेर्शेवा, दिमोना या गावांत त्याने वस्ती केली. ज्याला स्वदेशागमन म्हटले गेले ते व्यवहारात निर्वासनासारखेच कठीण ठरले. काम, घर आणि वागणूक यांबद्दलच्या असंतोषातून १९५१-५२ मध्ये काहींनी धरणे धरले आणि शंभराहून अधिक लोक भारतात परत आणले गेले. त्यांपैकी अनेक पुढे पुन्हा इस्राएलला गेले. १९६२ मध्ये धर्मसत्तेने विवाहासाठी या समाजाच्या मातृपरंपरेची चौकशी करण्याचा आदेश काढला. यहुदी धर्मशास्त्रात वंश मातेकडून मोजला जात असल्याने आईच्या आईचीही साक्ष मागितली गेली. तीव्र विरोधानंतर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हस्तक्षेप केला आणि आदेशातून या समाजाचे नाव वगळण्यात आले.

या पार्श्वभूमीवर, इस्राएलमधून या समाजाने चालविलेल्या मराठी नियतकालिकाचे नाव ‘मायबोली’ असावे, ही गोष्ट अर्थपूर्ण ठरते. नावाचा हेतू केवळ प्रेमाचा असेल. तथापि ज्यांना मातृपरंपरेचा पुरावा मागितला गेला, त्यांनी आपल्या पत्राला आईच्या भाषेचे नाव दिले, ही संगती वाचकाच्या मनात उमटल्यावाचून राहत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा बदल भाषेच्या कार्यात झाला आहे. मुंबईत हिब्रू विधीची आणि मराठी व्यवहाराची होती. इस्राएलमध्ये बाजार, शाळा, लष्कर ही सर्व हिब्रूत असल्यामुळे मराठी हळूहळू विधीच्या स्थानी सरकली. मलिद्याच्या वेळी पोहे, गूळ, नारळ यांचे ताट मांडून एलियाहू नबीचे स्मरण करताना, लग्नातील मेंदीच्या गीतांत, महाराष्ट्र दिनाच्या समारंभात ती ऐकू येते. दोन्ही भाषांनी जणू आपापल्या जागा बदलल्या आहेत. जी अर्थ सांगत होती तिचाच अर्थ नातवंडांना सांगावा लागतो.

हेच चित्र अन्य स्थलांतरित समाजांशी ताडून पाहिले असता त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. हैतीतून न्यूयॉर्क, मायामी, माँट्रियल येथे गेलेल्या लोकांची घरची भाषा क्रिओल. तिला स्वदेशातही फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा मान मिळण्यास १९८७ ची राज्यघटना यावी लागली. एडविज डँटिकाट ही बाराव्या वर्षी अमेरिकेत आलेली लेखिका इंग्रजीत लिहिते, तर डॅनी लाफेरिएर फ्रेंचमध्ये लिहून २०१३ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आला. क्रिओलची उपेक्षा मायदेशीच सुरू झाली होती. बेने इस्राएलांची मराठी मात्र संतकवींपासून चालत आलेली समृद्ध ग्रंथभाषा होती. तिची पीछेहाट परक्या भाषेपुढे न होता स्वधर्माच्या भाषेपुढे झाली. म्हणून येथील हानी अधिक निमूट आहे. जी गोष्ट परतून मिळाली तिच्याबद्दल तक्रार करणे अवघड जाते.

आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. या समाजातील सर्वांत ख्यातनाम कवी निसिम इझिकिएल (१९२४-२००४) मुंबईतच राहिले आणि इंग्रजीत लिहिते झाले. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना इंग्रजी कवितेसाठी मिळाला. इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात त्यांचा वाटा होता. स्थलांतर न करताही मराठी हातातून सुटू शकते, हे या उदाहरणावरून दिसते. भाषेच्या ऱ्हासाचे सर्व खापर प्रवासावर फोडता येत नाही.

मग मराठी समीक्षेने या वाङ्मयाकडे कसे पाहावे? आजवर बहुधा दोनच वृत्ती दिसतात: कौतुक किंवा विस्मरण. परदेशातही मराठी टिकली म्हणून वाहवा करावयाची, आणि वाङ्मयेतिहास लिहिताना तिला परिशिष्टातही जागा द्यावयाची नाही. कौतुकाने रचनेचा दर्जा पाहण्याची जबाबदारी टळते आणि विस्मरणाने तिचे अस्तित्वच. एखादे योसेफ-आख्यान साकीत कोठे ढिले पडते, कोठे हिब्रू नाम मराठी मात्रांत बसविताना ओढाताण होते, कोठे करुणरस खरोखर उठतो, हे इतर आख्यानकाव्याला लावलेल्या कसोटीनेच पाहिले पाहिजे. सवलत देणे हाही परकेपणा मानण्याचा प्रकार आहे.

वर्ध्यात १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०२३ साली नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ‘अखिल’ या शब्दाची व्याप्ती भूगोलाने ठरवावयाची की भाषेने, हा प्रश्न येथील अभ्यासकाला परका नाही. कीर्तनाच्या हस्तलिखित वह्या, मलिद्याची व लग्नाची गीते, ‘मायबोली’चे अंक हे ज्या घरांत आहेत त्या घरांतील मराठी वाचणारी पिढी वृद्ध होत आहे. ही पिढी गेल्यावर वह्या राहतील, पण कोणता शब्द कोणत्या ठेक्यावर म्हणावयाचा हे सांगणारे कोणी राहणार नाही. आणि कीर्तनाच्या बाबतीत ठेका गेला की आख्यानाचा अर्धा अर्थ गेला. म्हणून ध्वनिमुद्रण आणि पाठसंपादन ही दोन्ही कामे एकाच वेळी हाती घेणे, हे मराठीच्या पदव्युत्तर संशोधनाचे निकडीचे कर्तव्य ठरते.