पहिल्या वर्षाची सफाई

महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांत ‘फाउंडेशन’ या नावाने ओळखला जाणारा पायाभूत अभ्यासक्रम, म्हणजे शाखा निवडण्यापूर्वीचे सर्वांना समान असे वर्ष, आज कोणत्या अवस्थेला पोहोचला आहे हे वार्षिक प्रदर्शनांतील त्याच्या दालनात उघड दिसते. बारा भागांचे रंगचक्र, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्या, ठिपके आणि रेषा यांची चौकटीतील मांडणी व माउंट बोर्ड कापून उभा केलेला त्रिमित आकार हा क्रम इतका ठरून गेला आहे, की शीटवरचे नाव झाकल्यास महाविद्यालय ओळखू येत नाही आणि पुष्कळदा सालही ओळखू येत नाही. पोस्टर रंगाचा सपाट लेप निर्दोष असतो, कडा धारदार असतात. आक्षेप आहे तो नेमका या निर्दोषपणावरच.

या दालनामागे दोन वारसे आहेत. 1857 मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत रुजलेली साउथ केन्सिंग्टन पद्धती, म्हणजे प्लास्टरचे नमुने, भूमिती व अलंकरण यांवरून हात वळवण्याची ब्रिटिश शिस्त, हा पहिला वारसा असून एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतील संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांतून तो शाळेपर्यंत पोहोचला आहे. दुसरा वारसा 1919 मध्ये वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउसचा आहे. तेथील प्राथमिक वर्ग योहानेस इटेन यांनी आखला आणि पुढे लास्लो मोहोली-नाज व योझेफ आल्बर्स यांनी त्याला वेगळे वळण दिले. आपल्याकडे पहिल्या वारशाची शिस्त आणि दुसऱ्याचे विषय एकत्र आले, मात्र दुसऱ्याची जिज्ञासा बाहेरच राहिली.

आल्बर्स यांच्या अध्यापनाकडे पाहिले म्हणजे हे नुकसान किती मोठे आहे ते कळते. विद्यार्थ्यांपुढे वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून, काहीही वाया न घालवता कागदाच्या अंगच्या गुणांतून काहीतरी घडवा, असे ते सांगत; कागदाला घडी घालून तो उभा राहतो हे ज्याच्या लक्षात येई, त्याला द्रव्याचा स्वभाव उमगलेला असे. अमेरिकेत येल विद्यापीठात त्यांनी रंगाचा वर्ग चालवला तोही मुख्यतः रंगीत कागदांवर, कारण कागदात तोच रंग मिश्रणाच्या खटाटोपाविना पुनःपुन्हा मिळतो आणि सारे लक्ष रंगारंगांतील संबंधांवर राहते. एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून तो दोन रंगांसारखा भासवणे, किंवा दोन रंग एकसारखे भासवणे, हे तेथील स्वाध्याय होते. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रंगविषयक ग्रंथाचा गाभा हाच, की रंग ही सर्वांत सापेक्ष गोष्ट असून ती पाहूनच शिकावी लागते, सिद्धान्त मागून येतो. आपल्या वर्गात नेमके उलटे घडते: सिद्धान्त फळ्यावर आधी येतो आणि विद्यार्थी तो आठवडाभर ब्रशने भरत बसतो.

इतर प्रवाहांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. व्यक्तिचित्रणाच्या अकादमिक वर्गाने कुशल हात घडवले आणि तो तेथेच थांबला. डिझाइन संस्थांतील चिकटचिठ्ठ्यांवरचे विचारमंथन वस्तूला हात लावण्यापूर्वीच संपते. आणि पहिल्याच सत्रात शिकवलेले सॉफ्टवेअर पुढच्या आवृत्तीबरोबर जुने होते.

याउलट, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांनी आणि पुढे बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांनी लोककारागिरीला आधुनिक कलाशिक्षणात मानाचे स्थान दिले, तो मार्ग महाराष्ट्राने कधी मनापासून चोखाळला नाही. पैठणीच्या पोतात उभे धागे एका रंगाचे व आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, त्यामुळे वस्त्र हलले की रंग पालटतो. या धूपछाव परिणामात आल्बर्सचा सारा प्रश्न हातमागावर मांडलेला आहे. गोधडीतील जुन्या लुगड्यांचे तुकडे शेजाऱ्यानुसार उजळतात वा मावळतात. ही उदाहरणे अलंकरणाचे नमुने म्हणून शीटवर उतरवली जातात, पण रंगसंबंधांचा प्रयोग म्हणून त्यांची उकल क्वचितच केली जाते.

विद्यार्थिसंख्या मोठी, शिक्षक थोडे, त्यामुळे मोजता येईल असेच काम द्यावे लागते, असे समर्थन केले जाते. हे समर्थन तपासले तर टिकत नाही, कारण रंगीत कागद, रद्दी व चिंध्या पोस्टर रंगांपेक्षा स्वस्त आहेत आणि चाळीस जणांची उत्तरे भिंतीवर शेजारी लावून केलेली चर्चा चाळीस शीटना स्वतंत्र गुण देण्यापेक्षा कमी वेळ घेते. खरी अडचण मूल्यमापनाची आहे: सफाईला गुण देणे सोपे असते, तर फसलेल्या पण डोळे उघडणाऱ्या प्रयोगाला गुण द्यायचे तर शिक्षकाला स्वतः पाहावे लागते. सफाई ही कारागिराची संपत्ती आहे आणि ती दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी अवश्य यावी. परंतु पहिल्याच वर्षी तिच्यावर गुण ठेवले, की विद्यार्थी चूक करण्याचे टाळतो आणि चुकीबरोबर शोधही टाळतो.

म्हणून अभ्यासमंडळांनी विषयांची नावे बदलण्याचा उद्योग थांबवावा आणि एकच निर्णय घ्यावा: पायाभूत वर्षात पूर्ण झालेल्या शीटला गुण नसावेत, ते विद्यार्थ्याने केलेल्या पर्यायांना व त्यांतील निवडीच्या कारणांना असावेत. हे जोवर होत नाही, तोवर या वर्षाला पायाभूत म्हणणे ही केवळ कागदोपत्री सोय आहे.