उंचावरून पाहिलेले गोवे

यान हायगेन वान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यातील जुन्या गोव्याचा विहंगम नकाशा पाहताना एक नांदते महानगर आमच्यापुढे उभे राहते.

नदीकाठचा व्हाइसरॉयांचा वाडा, रुआ दिरेता हा हमरस्ता, चर्चे, दाटीने उभी घरे, सारेच रेखीव. त्यातले फार थोडे आज उभे आहे. वाडा पाडला गेला. ज्या संत पॉल महाविद्यालयात १५५६ साली भारतातील पहिला छापखाना आला, त्याची दर्शनी कमान तेवढी उरली. रोगांच्या साथींनी शहर ओस पडले आणि १८४३ साली राजधानी पणजीस गेली. उलट आपले भाविक ज्या बॉम जेझू बॅसिलिकेत प्रार्थना करतात, तिचा पाया १५९४ साली, म्हणजे लिन्सखोटेन परतल्यावर घातला गेला.

नकाशाचे सौंदर्य मान्य करूनही आमचा एक आक्षेप आहे. इतक्या उंचावरून घरे दिसतात, माणसांचे दुःख दिसत नाही. याच ग्रंथात रुआ दिरेतावरील सकाळच्या लिलावाचे चित्र आहे. त्या लिलावात गुलामही विकले जात. नकाशा वैभव दाखवतो, चित्र त्या वैभवाचे मोल सांगते. ख्रिस्ती वारशाचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकाने दोन्ही पाने एकत्रच वाचली पाहिजेत.

हीच दृष्टी आपल्या खानदेशालाही लावता येईल. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज याने जुन्या धुळ्यालगत सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. तेथील गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. १८७२ साली पांझरेच्या पुराने शहराची मोठी हानी केली. आराखड्यात रस्त्यांची रेषा सापडते. पुराने बेघर केलेले संसार सापडत नाहीत. दारोदार हिंडून जुने कागद जमवणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच निवर्तले. त्यांचा धडा आपणही गिरवावा. धुळे, जळगाव, भुसावळ येथील धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या जुन्या नोंदवह्या जपल्या, वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या, तर नकाशात हरवलेल्या घरांना त्यांची माणसे परत मिळतील.