बहात्तरचं साल कुणाचं?

हिंदी चित्रपटसंगीताच्या चाहत्यांना भांडायला एक साल पुरतं. सत्तावन्न म्हटलं की 'प्यासा' की 'नया दौर' यावर रात्र सरते. 'गाईड'ला डावलून 'सूरज'ला फिल्मफेअर पारितोषिक दिलं, याचा राग तर सत्तरी उलटलेली माणसंही काल घडल्यासारखा काढतात. समीक्षा या भांडणांकडे फिरकत नाही. तुलना हाच आमचा विषय असं सांगणाऱ्या आम्ही तौलनिक साहित्यवाल्यांनीही त्यांची कधी दखल घेतलेली नाही. वास्तविक त्यांत एक प्रश्न सतत दबा धरून बसलेला असतो आणि तो साहित्याच्या इतिहासकारालाही सुटलेला नाही. एखाद्या कृतीचं साल कोणतं धरायचं? ती घडली ते, ती बाहेर आली ते, की लोकांच्या कानांत ती रुजली ते?

हा प्रश्न माझ्यासमोर नीट उभा राहिला तो बबीन्यात. झाशीहून भोपाळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरची ही छावणी. दिवसा सरावाच्या गोळाबारीचे दणके, रात्री गाड्यांच्या शिट्ट्या. इथे बदलीवर माणसं देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून येतात, त्यामुळे गाण्यांवरून भांडणारेही सगळ्या कोपऱ्यांतले असतात. आमच्या सात-आठ जणांच्या बैठकीत साल चिठ्ठी टाकून ठरतं. नियम एकच, आणि तो झाशीच्या एका निवृत्त रेल्वे गार्डसाहेबांनी घालून दिलेला: मत गाण्याला द्यायचं नाही, अख्ख्या रेकॉर्डला द्यायचं. एका गाण्याचा निवाडा अमीन सायानी करून गेले, असं ते म्हणतात. 'बिनाका गीतमाला'च्या पायदानांवर सुटी गाणी चढत-उतरत. रेकॉर्डची दोन्ही अंगं ऐकून तिच्याविषयी एक मत बनवणं ही वेगळी शिस्त आहे.

यंदा चिठ्ठी निघाली १९७२ ची. गार्डसाहेबांनी 'पाकीज़ा'चं नाव घेतलं, लष्करी रुग्णालयातल्या बंगाली डॉक्टरांनी 'अमर प्रेम'चं, आणि साताऱ्याकडच्या एका सुभेदारांनी, हिंदीचा आग्रह धुडकावून, 'पिंजरा'चं. मराठी न समजणाऱ्यांसाठी खेबुडकरांच्या एका लावणीचा अर्थ मला तिथल्या तिथे हिंदीत सांगावा लागला. शब्दांचा अर्थ पोचला. राम कदमांच्या ढोलकीने शब्दाला मारलेली कोपरखळी काही पोचवता येईना. शेवटी सुभेदारांनी मांडीवर ठेका धरून ती दाखवली. अनुवादकाने अशा वेळी गप्प बसावं.

'बेईमान'चं नाव मात्र कुणीही घेतलं नाही. आणि त्या वर्षीचं संगीताचं फिल्मफेअर पारितोषिक 'बेईमान'लाच मिळालं होतं.

ही कथा चाहत्यांना पाठ असते. 'पाकीज़ा' ४ फेब्रुवारी १९७२ ला प्रदर्शित झाला. ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या. संगीतकार गुलाम मोहम्मद त्याआधीच, मार्च १९६८ मध्ये, निवर्तले होते. पुढच्या वर्षी पारितोषिकं जाहीर झाली तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नायक, गीतकार, गायक आणि संगीतकार अशी रांगच 'बेईमान'कडे गेली. 'पाकीज़ा'च्या वाट्याला आलं कलादिग्दर्शनाचं, एन. बी. कुलकर्णींना. सहायक अभिनेत्याचं पारितोषिक प्राण यांना 'बेईमान'मधल्याच हवालदाराच्या भूमिकेसाठी मिळालं होतं. संगीताचा मान गुलाम मोहम्मदांचा होता, असं म्हणून त्यांनी ते नाकारलं. आपल्याच चित्रपटाला मिळालेल्या मानाविरुद्ध एखाद्या नटाने उभं राहावं, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

प्राण यांच्याविषयी आदर ठेवूनच मला वाटतं की या कथेने गुलाम मोहम्मदांचं एक नुकसानही केलं आहे. ती इतकी देखणी आहे की त्यांचं संगीत आता तिच्यातूनच ऐकलं जातं. अन्याय झालेला माणूस म्हणून त्यांचा उल्लेख होतो, रचनाकार म्हणून फारसा नाही. आणि कथेतला खलनायक असल्यामुळे 'बेईमान' कुणी ऐकतही नाही.

मी तो पूर्ण ऐकला. राखीचं एक गाणं अजून त्या सणाला वाजतं, ते साधं आणि नेटकं आहे. बाकीची बरीच गाणी विसरली गेली, त्यात गाण्यांचंच काम आहे. शंकर-जयकिशन या जोडीतले जयकिशन सप्टेंबर १९७१ मध्ये वारले होते, आणि ऐकताना एक बाजू रिकामी झाल्यासारखी वाटते. पण मुकेशने गायलेलं शीर्षकगीत ऐकताना थांबावं लागलं. लबाडाचा जयजयकार करायला लावणारं, आरतीच्या वळणाचं हे उपहासगीत आहे. 'गरीबी हटाओ'वर निवडणूक जिंकून वर्ष उलटलेलं, महागाई चढलेली, इकडे महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ. संगीत म्हणून ते किरकोळ असेल. पण त्या सालाची चीड त्या सालच्या कोणत्या रेकॉर्डमध्ये आहे असं विचारलं, तर उत्तर हेच द्यावं लागेल. 'वर्षाचं संगीत' या शब्दांतल्या 'वर्षाचं'वर जोर दिला, तर फिल्मफेअरची निवड वाटते तितकी हास्यास्पद नाही. बैठकीत हे म्हटल्यावर गार्डसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "भाभीजी, आपण रेकॉर्ड निवडतो आहोत, वर्तमानपत्र नाही," ते म्हणाले.

बरोबरच आहे. पण मग त्याच कसोटीवर 'पाकीज़ा' बहात्तरची रेकॉर्ड ठरते का?

हा चित्रपट कमाल अमरोहींनी पन्नाशीच्या दशकात मनावर घेतला. आरंभीचं चित्रीकरण कृष्णधवल होतं; मग रंग आले, सिनेमास्कोप आलं, नवरा-बायको वेगळे झाले, काम थांबलं, १९६९ मध्ये पुन्हा सुरू झालं. गुलाम मोहम्मद गेल्यावर उरलेलं काम, मुख्यतः पार्श्वसंगीत, नौशाद यांनी पूर्ण केलं; वर्षानुवर्षं गुलाम मोहम्मद त्यांचेच सहायक होते. म्हणजे बहात्तरमध्ये लोकांनी ऐकलं ते मागच्या दीड दशकात केव्हातरी रचलेलं संगीत. त्यातल्या एका दादऱ्याचा मुखडा तर १९४१ च्या 'हिम्मत'मध्ये शमशाद बेगम यांच्या आवाजात येऊन गेलेला.

झाशीच्या परिसरात राहून मराठी माणसाला इथे 'माझा प्रवास' आठवल्याशिवाय कसं राहील? वरसईच्या गोडसे भटजींनी १८५८ चा झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला. लिहून काढलं ते पंचवीसेक वर्षांनी. छापलं चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये, भाषेवर आपला हात फिरवून. मूळ बखर पोतदारांनी आणली ती १९६६ मध्ये. मराठी गद्याच्या इतिहासात हे पुस्तक कोणत्या सालाखाली लावायचं? १९०७ खाली लावलं तर हरिभाऊ आपट्यांच्या काळातलं एक जुनाट वळणाचं, गोड पुस्तक दिसतं. १८८० च्या आसपास लावलं की चिपळूणकर-आगरकरांच्या घडीव गद्याशेजारी बोलभाषेतलं एक जिवंत गद्य उभं राहतं आणि त्या दशकाचं चित्रच बदलतं. साल चुकलं तर पुस्तक कमी दिसत नाही, वेगळं दिसतं, आणि हे जास्त वाईट.

'पाकीज़ा'चं हेच झालं आहे. बहात्तरमध्ये ठेवलं की ते हरवलेल्या जगाचा सुगंध वगैरे वाटतं. आठवणीने डोळे ओले करणारं. खरं तर गुलाम मोहम्मद काही आठवण काढत नव्हते. त्यांच्या कानांपुढे तेव्हा मदनमोहन होते, रोशन होते, खुद्द नौशाद होते. त्यांच्याशी बरोबरी करत, त्यांच्याहून सारंगी थोडी पुढे आणत आणि वाद्यमेळ थोडा मागे सारत ते काम करत होते. १९५४ चा 'मिर्झा गालिब' त्यांचाच. तिथून 'पाकीज़ा'कडे ऐकत आलं की तबला-ढोलकवर हात घडलेला माणूस शब्दाच्या मागेपुढे ठेका कसा मोकळा सोडतो, ते कळतं. लताबाईंच्या त्या सुप्रसिद्ध मुजऱ्याच्या शेवटी आगगाडीची शिट्टी ऐकू येते. ती आपण आता भावुक होऊन ऐकतो. रचनाकाराच्या बाजूने ऐकली तर ती एक धाडसी सूचना आहे: मैफलीच्या बंद खोलीत बाहेरचा आवाज घुसवला आहे, आणि तोही ऐन समेच्या तोंडावर सगळं थकत आलेलं असताना.

बहात्तरचं साल स्वतःचं म्हणून कुणी बोलत असेल तर ते 'अमर प्रेम', आणि मी मत त्यालाच दिलं. दोन्ही चित्रपट कोठ्यावरच्या स्त्रीचे. ('पिंजरा'ची नायिकाही तमाशातलीच, एका वर्षात तीन नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका, हे त्या संध्याकाळी आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.) पण गातं कोण, ते पाहा. 'पाकीज़ा'च्या सहा गाण्यांपैकी पाच एकट्या लताबाईंची, सहाव्यात त्यांच्यासोबत रफी. 'अमर प्रेम'ची रेकॉर्डही सहाच गाण्यांची. त्यांतली तीन किशोरकुमारची, एक सचिनदांचं, लताबाईंची दोन. कोठा तिचा, आणि दुःख गाऊन दाखवतो तिथे येणारा गिऱ्हाईक. १९६९ च्या 'आराधना'नंतर हिंदी चित्रपटाचा गळा पुरुषाकडे, त्यातही एका पुरुषाकडे, कसा सरकला हे या रेकॉर्डइतकं स्वच्छ मला कुठे ऐकू येत नाही. म्हणून ती त्या सालाची आहे. आणि आर. डी. बर्मन नावाच्या, त्याच वर्षी 'जवानी दीवानी'ही करणाऱ्या माणसाने इथे किती कमी वाजवलं आहे! लताबाईंचं एक गाणं तोडीत सुरू होऊन अंतऱ्यात खमाजकडे वळतं आणि रात्र कूस बदलते. या रेकॉर्डलाही पारितोषिक मिळालं नाही; आर. डीं.ना पहिलं फिल्मफेअर मिळायला १९८३ उजाडलं. त्यासाठी कुणी काही नाकारलं नाही, म्हणून ती कथाही झाली नाही.

डॉक्टर खूश झाले. सुभेदारांनी आपलं मत अखेरपर्यंत सोडलं नाही. 'पिंजरा'त निदान बाई स्वतःच्या तोंडाने गाते, असं ते माझाच मुद्दा माझ्यावर फिरवून म्हणाले, आणि उषाताईंचा आवाज आठवला की हे खोडून काढणं कठीण आहे. गार्डसाहेब मात्र दुखावलेले दिसले. मी 'पाकीज़ा'ला कमी लेखते, असं त्यांना वाटलं. मला म्हणायचं होतं ते उलट. बहात्तरच्या स्पर्धेत त्याला जिंकवणं म्हणजे श्रद्धांजली वाहणं. त्यापेक्षा त्याला साठ सालच्या रांगेत, 'मुग़ल-ए-आज़म'शेजारी उभं करा आणि मग भांडा. तिथे त्याला खरे प्रतिस्पर्धी मिळतील. साठच्या त्या पारितोषिकातही एक गंमत आहे: तेव्हा नौशादांच्या 'मुग़ल-ए-आज़म'ला मागे टाकून शंकर-जयकिशनांनी जिंकलं ते 'दिल अपना और प्रीत पराई'साठी, आणि तो चित्रपट कमाल अमरोहींच्याच महल पिक्चर्सचा, मीनाकुमारींचाच. गुरू आणि शिष्य दोघेही एकाच जोडीपुढे हरले, बारा वर्षांच्या अंतराने. यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग डॉक्टर हसायला लागले.

मतं मोजली. 'पाकीज़ा' जिंकलं.

मग मी 'पाकीज़ा रंग बरंग'चा विषय काढला. गुलाम मोहम्मदांनी या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित केलेली पण चित्रपटात न घेतलेली गाणी एचएमव्हीने १९७७ मध्ये या नावाने बाहेर आणली. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टूंचं पहिलं पार्श्वगायन 'पाकीज़ा'साठीचंच. पडद्यावरचा कोठा एकट्या लताबाईंच्या आवाजाने भरलेला आहे. गुलाम मोहम्मदांच्या मनातल्या कोठ्यावर जाडसर, कसलेले, ठुमरीत मुरलेले इतर गळेही होते. अमरोहींनी निवड केली ती चित्रपटाच्या सोयीने, आणि ती चांगलीच केली. पण रचनाकाराविषयी मत बनवायचं तर ही दुसरी रेकॉर्ड बाजूला ठेवून चालणार नाही.

आमच्या नियमांत ती कुठे बसते, यावर पुन्हा अर्धा तास गेला. निघाली सत्त्याहत्तरमध्ये, गाणी तेव्हाची नाहीत, आणि चित्रपट म्हणाल तर तो बहात्तरचा. शेवटी गार्डसाहेबांनी निकालाची वही उघडली, १९७२ च्या पानावर 'पाकीज़ा'च्या खाली 'रंग बरंग' असं पेन्सिलीने लिहिलं, आणि सालाच्या रकान्यात काहीच भरलं नाही.