संगणकप्रणालीचे अद्ययावतीकरण आणि मराठी विभाग : एक चिकित्सा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य संपुष्टात आले आणि महाविद्यालयांपुढे ‘विंडोज ११’चा प्रश्न उभा राहिला. यासाठी होणारे नियोजन बहुतांशी यंत्रकेंद्री असते. किती संगणकांत टीपीएम २.० आहे, ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण आहे, याची मोजणी होते. ती आवश्यकच आहे. परंतु त्या संगणकांत काय साठविले आहे, हे क्वचितच विचारले जाते.

मराठी विभागाच्या बाबतीत ही उणीव गंभीर ठरते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे मराठी टंकलेखन सी-डॅकच्या आयएसएम, श्रीलिपी अशा प्रणालींवर झाले. त्यांतील फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी आकार बसवीत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर प्रबंधाचे पान म्हणजे रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता! फाइल सुरक्षित, मजकूर मात्र अवाच्य. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल. प्रबंधिकेची हीच गत झाली. छापील प्रत होती म्हणून निभावले.

तेव्हा ‘बॅकअप घेतला, काम झाले’ हा समज अपुरा आहे. रूपांतरकातून आलेल्या मजकुरात रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार यांच्या जागा चुकतात. तो मूळ प्रतीशी ताडून पाहणे हे तंत्रज्ञाचे नव्हे, मराठीच्या अध्यापकाचे काम आहे आणि त्याला किमान एक सत्र लागेल. विभागनिहाय फॉन्टसूची आधी व्हावी. तोवर एक जुना संगणक जाळ्यापासून तोडून राखावा. खरेदी समितीच्या इतिवृत्तात मराठी विभागाचा उल्लेख बहुधा अखेरीस येतो, जुने संगणक कोणास द्यावेत या विषयाखाली.