शिपाई आणि त्याच्या पायाखालची माती

मुलांच्या खेळण्यांतून जन्मलेली कला टीकाकाराच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. शिशाच्या वा प्लॅस्टिकच्या बोटभर शिपायांस जुन्या गणवेषांचे रंग द्यावयाचे, त्यांस बैठकीवर चिकटवावयाचें आणि मेजावर मांडलेल्या रणभूमीवर इतिहासांतल्या लढाया पुन्हां लढावयाच्या, हा छंद इंग्लंडांत प्रौढ माणसें मोठ्या गंभीरपणें करितात हें ऐकून आपल्याकडील पुष्कळांस हसूं येईल. परंतु ज्या कामीं माणूस शेंकडों रात्री खर्चितो आणि ज्यांतून इतिहासाविषयीं कांहीं विधान करितो, त्या कामाचें मोल ठरविणें हें टीकेचें कर्तव्यच होय.

एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांत या खेळाचे नियम सामान्य वाचकांपुढें मांडले. त्यांचे शिपाई दुकानांतूनच रंगून येत: चकचकीत तांबडे डगले आणि पायाखालीं हिरवा रंग फासलेली चकती. आज शिपाई बहुधा बिनरंगीच मिळतात. रंगविणारास प्रथम सांच्याच्या रेषा कानशीनें घासाव्या लागतात. मग अस्तर, मग मूळ रंग, मग घड्यांच्या खांचांत उतरून बसणारें काळसर रंगाचें पाणी, आणि अखेरीस उंचवट्यांवरून फिकट रंगाचा कोरडा कुंचला.

हा खटाटोप कां? अठ्ठावीस मिलिमीटर उंचीच्या आकृतीवर खऱ्या उजेडाची सावली पुरेशी पडत नाहीं. म्हणून सावली आणि ऊन हीं दोन्ही रंगाऱ्यानेंच पुरवावयाचीं. तो डगला रंगवीत नाहीं, डगल्यावर पडलेलें ऊन रंगवितो. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी कसबी हाताकडे देतात, कारण मूर्तीचा जीव तेथें असतो. या शिपायाचा डोळा मात्र तीन फुटांवरून दिसतही नाहीं. भुवईखालची एक सावली त्यास पुरते. जो प्रत्येक बुबुळ काढीत बसतो, त्याची सारी पलटण डोळे वटारून पाहूं लागते. काय गाळावें हें कळणें येथेंही कलेचें पहिलें लक्षण आहे.

तथापि या कलेची खरी परीक्षा कुंचल्यांत नसून बैठकींत आहे, असें आमचें मत आहे. सहाशें शिपायांची पलटण मेजावर चोवीस आकृत्यांनीं दाखवितात. आकृति खऱ्या माणसाच्या सुमारें साठाव्या हिश्श्याची. पण मैदान त्याहून कितीतरी लहान प्रमाणावर आंखलेलें. त्यामुळें शिपाई टेंकडीच्या गळ्याशीं येतो आणि एका घरांत आख्खें गांव सामावतें. या दोन मापांच्या भांडणांत बैठक मध्यस्थी करिते. १९९० सालच्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नियमावलींत पंधरा मिलिमीटरच्या आकृत्यांस बैठकीची रुंदी चाळीस मिलिमीटर नेमून दिली आहे. तेवढी त्या तुकडीची आघाडी. म्हणजे बैठक ही मोजपट्टी झाली. आणि याच पट्टीवर सरस, वाळू, मातीचा रंग व कृत्रिम गवत यांनीं एक देश उभा करावयाचा असतो. दुर्दैवानें पुष्कळजण हें काम शेवटच्या रात्रीं उरकतात. स्पेनच्या रखरखीत माळावर, रशियाच्या बर्फांत आणि मिसरच्या वाळवंटांत गेलेल्या पलटणी एकाच हिरवळीवर उभ्या राहतात! दिवाळींत किल्ला करणारीं आपलीं मुलें याहून शहाणीं; तीं आधीं माती कालवितात, अळीव पेरितात आणि मग मावळे मांडतात.

भूमीची निष्ठा किती दूर जाऊं शकते आणि कोठें अडखळते, याचें उत्तम उदाहरण विल्यम सायबोर्न या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याचें आहे. १८३० सालीं त्याजकडे वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृति करण्याचें काम आलें. तो कित्येक महिने रणांगणावरच्याच शेतवाडींत राहिला. त्यानें जमीन मोजली, हयात अधिकाऱ्यांस पत्रें धाडून कोण कोठें उभें होतें तें विचारलें, कोणत्या शेतांत कोणतें पीक होतें हेंही विचारलें. १८३८ सालीं लंडनांत मांडलेल्या त्या प्रतिकृतींत ७०,००० हून अधिक चिमुकले शिपाई होते. पण १८ जून १८१५ च्या संध्याकाळीं सुमारें सात वाजतां प्रशियन सैन्य किती आणि कोठवर आलें होतें, या प्रश्नावर वाद पेटला. सायबोर्ननें प्रथम मांडलेलें चित्र वेलिंग्टनच्या गोटास रुचलें नाहीं, आणि अखेरीस प्रशियन आकृत्या पुष्कळ कमी झाल्या. ती प्रतिकृति आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियमांत आहे. पीक खरें, बांध खरा. पण त्यावर कोणी उभें राहावें हें मात्र खुशीनाखुशीनें ठरलें!

यावरून छंदी माणसानें घ्यावयाचा धडा असा कीं, बटणाचा रंग बिनचूक असला म्हणजे इतिहास बिनचूक होत नाहीं. नेपोलियनची जुनी गार्ड पलटण निळ्यापांढऱ्या दरबारी पोषाखांत, तुरे लावून, वॉटर्लूवर चालतांना मेजावर नेहमीं दिसते. प्रत्यक्षांत त्यांतले बहुतेक लांब साध्या डगल्यांत होते, आणि आदल्या रात्रींच्या पावसानें जमीन चिखल झाली होती. पोषाखाच्या नियमपुस्तकावरून रंगविलेला शिपाई कवाइतीचा असतो. गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला शिपाई लढाईचा असतो.

आणखी एक उणीव आम्हांस याहून जास्त खटकते. खेळांत पडलेला शिपाई उचलून पेटींत ठेवतात, आणि मैदान पुन्हां स्वच्छ होतें. खऱ्या रणांगणावर मेलेले तेथेंच राहतात आणि जिवंतांस त्यांजवरून चालावें लागतें. कांहीं थोडे रंगारी एखाद्या बैठकीच्या कोपऱ्यांत एक पडलेला माणूस वा सुटलेला बूट ठेवितात. त्यायोगें पलटणीची शोभा थोडी उणावते हें खरें; पण तेवढ्यानेंच ती पलटण कोठून तरी चालत आलेली वाटूं लागते. असल्या खेळावरून खरें युद्ध केवढा धांदरट प्रकार असला पाहिजे हें उमजतें, असें वेल्स यांनीं महायुद्धाच्या आदल्याच वर्षीं सुचविलें होतें. तें उमजविण्याची शक्ति तांबड्या डगल्यांत नाहीं. ती, असेल तर, पायाखालच्या त्या दोन बोटें मातींत आहे.